सुरुवातीची दहा मिनिटं

गेल्या महिन्यात गोंदियाहून एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि त्यांनी एक पान लिहून मागितलं. त्यांचे वडील हार्मोनियम दुरुस्त करायचे आणि गायचे. त्यांना सगळे बाबूजी म्हणत. बाबूजींच्या गाण्याची जगात एकच कॅसेट आहे. मुलानं ती नागपूरला नेऊन संगणकात उतरवून घेतली, तर पहिली दहा मिनिटं कोरी निघाली.

"टेपला ओल लागली असेल," ते म्हणाले. "पर आपने तो सुना है न, गुरुजी? काकाजी सबको बताते थे कि शुरुआत सिर्फ आपने सुनी है. जेवढं आठवते तेवढं लिहून द्या. गाण्यासोबत ठेवू."

मी हो म्हणालो. त्यांना चहा दिला, फाटकापर्यंत सोडून आलो. मग कागद घेऊन बसलो आणि तीन ओळी लिहून फाडल्या. त्या तीन ओळी मला पाठ आहेत. इतकी वर्षं मी त्याच सांगत आलो.

ती सुरुवात मी ऐकलेली नाही. बाबूजी सोडले तर ती कोणीच ऐकलेली नाही. का, ते सांगायचं तर काकाजींबद्दल सांगावं लागेल, आणि त्यांच्याबद्दल मी आजवर कुणापाशीही धड बोललेलो नाही.

चिचगडला जिल्हा परिषदेच्या शाळेत मी रुजू झालो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. नवीन शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. गावात मोबाईलचा टॉवर नव्हता आणि वीज अर्धा दिवस नसायची. खोली मिळाली ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकच्या घरी. गाव त्यांना काकाजी म्हणायचं, मीही म्हणू लागलो. पहिल्या सकाळी बाहेर आलो तर ते अंगणात एक हात बाजूला ताठ लांबवून उभे. हातात किल्लीचं घड्याळ, डोळे मिटलेले. हात कानाजवळ आणला, पुन्हा लांब नेला. मग दुसरा कान, दुसरा हात.

"काय करून राहिले काकाजी?" मी काकीजींना विचारलं.

"कान मोजून राहिले," काकीजी म्हणाल्या आणि मोहफुलं पसरवत राहिल्या.

तीस-पस्तीस वर्षं काकाजींनी हेडफोन लावून तारांमधला खरखराट ऐकला होता. आपले कान जाणार, ही त्यांची कायमची धास्ती. गोंदियाच्या डॉक्टरनं तपासून, वयाच्या मानानं सगळं ठीक आहे असं सांगितलं होतं. काकाजींचा त्यावर विश्वास नव्हता. "डॉक्टर माह्या वयाले ओळखते, माह्या कामाले नाही ओळखत." म्हणून रोज घड्याळ. टिकटिक हातभर अंतरावरून ऐकू आली की मगच चहा.

घरात एक टेपरेकॉर्डर होता आणि दोन लोखंडी ट्रंका भरून शास्त्रीय गाण्याच्या कॅसेटी. एका ट्रंकेत ऐकलेल्या, दुसरीत न ऐकलेल्या. न ऐकलेल्या प्रत्येक कॅसेटवर वहीचा कागद भाताच्या खळीनं चिकटवलेला, म्हणजे गाणारा कोण आणि राग कोणता हे दिसायला नको. विकत घेतानाच ते दुकानदाराला सांगायचे, "कोणतीबी दे, पण गुंडाळून दे." मी एकदा विचारलं, नाव माहीत असलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, "नाव समजलं का माणूस गाणं आयकत नाही, नाव आयकते."

त्यांचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरायचं. कोणतंही गाणं पहिल्यांदा एकदाच ऐकता येतं. "मंग दहा डाव आयका गुरुजी. ते आठवणं झालं." म्हणून पहिली खेप ते जपून वापरायचे. महिन्यातून एक, फार तर दोन. बाकीची ट्रंक म्हातारपणासाठी होती. काकीजी म्हणायच्या, लोक लोणचं मुरवतात, आमच्या घरी गाणं मुरते.

मला पहिल्यांदा बसायला मिळालं त्याला तीन महिने लागले. त्या दिवशी सकाळीच कोंबड्या शेजारी पाठवल्या. टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले, कारण उतरत्या सेलवर सूर उतरतो आणि मग तो राग राहत नाही, दुसराच कोणी होतो. टेलिफोनच्या तारेचा एक तुकडा होता, तो त्यांनी स्पीकरपासून माझ्या नाकापर्यंत ताणून धरला आणि मला वीतभर मागं सरकवलं. पाठ टेकायची नाही. मांडीवर ताल धरायचा नाही. "त्याले ताल माहीत आहे, तुम्ही कायले सांगून राहिले?" आवाज इतका बारीक ठेवला की माझ्या श्वासाची मला अडचण व्हायला लागली. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी बोटावर फटका मारला. "आवाज नाही वाढवायचा. कान वाढवायचा."

मी गोंदियाजवळच्या गोरेगावकडच्या पोवारांच्या घरातला. आमच्याकडं लग्नातला बँड आणि मंदिरातलं भजन, एवढंच गाणं. तरी वीसेक मिनिटांनी गाणाऱ्यानं काहीतरी असं केलं की माझ्या तोंडून "वा" निघालं. काकाजींनी यंत्र बंद केलं. कॅसेट काढली, ऐकलेल्या ट्रंकेत टाकली. "झाली," म्हणाले. पुढं पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी ओसरीवर येऊन विचारलं, "तुम्ही वा म्हटलं, तवा तो काय करून राहिला होता?"

मी आठवून पाहू लागलो.

"कसं सांगणार? तुम्ही बोलून राहिले होते."

एकदा जंगल खात्याचे रेंजर जीप घेऊन आले. काकाजींच्या गाण्याची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. बसताबसताच म्हणाले, "कोणता राग लावताय काकाजी?"

"साहेब, तुम्ही वाघ पाहाले जाता, तं पहिले त्याले नाव विचारता का?"

रेंजर मोठ्यानं हसले, बसले आणि पाच मिनिटांत झोपले. मला वाटलं आता यांची खैर नाही. पण काकाजींनी त्यांना झोपू दिलं. नंतर म्हणाले, "झोपणारा तरास नाही देत. समजणारा देते."

ऐकून झालं की बोलायचं नाही. दोघांनी वेगवेगळ्या वाटेनं बोडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. बोडी म्हणजे गावाबाहेरचा छोटा तलाव. परत आल्यावर ते एकच प्रश्न विचारायचे, "सुरुवात सांगा." मधल्या ताना, शेवटची घाई, यांच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पहिली दहा मिनिटं. "गवय्या दारातून कसा येते ते पाहायचं. आत आल्यावर काय करते, ते कोणीबी सांगते." मी सुरुवातीला काहीबाही बोलायचो. पुढं-पुढं सांगता यायला लागलं. कुठल्या सुरावर तो थांबला, कुठल्या सुराला हात लावायला घाबरला, किती वेळ खालीच राहिला. वर्षभरानंतर एकदा माझं सांगून झाल्यावर काकाजी काकीजींना म्हणाले, "गुरुजीचा कान लागला." मी बी.एड. झालो तेव्हा मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आता बाबूजी. काकाजी तरुणपणी गोंदियाला होते तेव्हा रेल्वे लाइनीजवळच्या खांबावर तार जोडायला चढले. खाली हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान. दुकानातला माणूस काम करता-करता गात होता. काकाजी दोन तास खांबावरून उतरले नाहीत आणि ऑफिसात मेमो मिळाला. पुढं ते रोज ड्यूटी संपली की त्या दुकानात जाऊन बसत. बाबूजी फार खालून सुरू करायचे. इतकं खालून आणि हळू, की जवळ बसलेल्यालाही आधी भात्याचा श्वास ऐकू यायचा आणि मग कधीतरी आवाज. काकाजी हे सांगताना स्वतःचा आवाजही खाली नेत. बाबूजी यंत्रासमोर कधी गायले नाहीत. म्हणायचे, मशीन सुनने लगी तो तुम लोग सुनना छोड दोगे.

आजारपणात मात्र एका सकाळी मुलानं खाटेखाली टेपरेकॉर्डर लावून ठेवला आणि तो कामावर निघून गेला. बाबूजी त्या सकाळी गायले. त्यानंतर गायले नाहीत. ते गेल्यावर मुलगा ती कॅसेट घेऊन चिचगडला आला.

"चाचा, मैंने भी नहीं सुनी. हिम्मत नहीं होती."

काकाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली. आत जाऊन कागद चिकटवला, जरी यावेळी झाकायला नाव नव्हतं.

मी म्हटलं, "काकाजी, आधी देवरीला जाऊन हिची एक नक्कल काढून घेऊ."

"कशी काढणार?"

"दोन कॅसेटींचं मशीन असते. आवाज बंद ठेवून निघते."

"दुकानदार राहते थो. चालू आहे का नाही, पाहाले एक डाव वाढवतेच. म्हणजे पहिली बारी त्याची झाली." कॅसेट त्यांनी उराशी धरली होती. "नाही."

या नकाराचा मी पुढं बरीच वर्षं आधार घेतला. नक्कल असती तर काही बिघडलंच नसतं, म्हणजे थोडी चूक त्यांचीही, असं मी स्वतःला समजावायचो. ते आता पुरे.

रविवार ठरला. नऊला लाइट जाणार, म्हणजे पिठाची गिरणी बंद. त्याआधी कॅसेट मोकळी करायची होती. हे काम घरात माझंच असे. भरून बरेच दिवस पडलेली कॅसेट कधी आवळलेली असते, मध्येच अडकते. म्हणून ती आवाज शून्यावर ठेवून एकदा पूर्ण फिरवायची. न ऐकता. काकाजी याला मोकळी करणं म्हणत. आणखी एक काम असे. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन दात असतात, ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरलं जात नाही. कॅसेट घरात येताच काकाजी ते स्वतः मोडत. या वेळी म्हणाले, "हिचे तुम्ही मोडा गुरुजी. माहा हात थरथरते." मी हो म्हणालो आणि विसरलो.

त्यांच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झाल्यानं तो देवरीला दुरुस्तीला गेला होता, शनिवारी येणार होता. म्हणून शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी शाळेच्या यंत्रावर कॅसेट लावली. काकाजींच्या यंत्रात डावीकडचं पहिलं बटण चालू करायचं. शाळेच्या यंत्रात डावीकडचं पहिलं बटण भरायचं, आणि ते दाबलं की चालूचं बटण आपोआप त्याच्यासोबत खाली जातं. माझ्या बोटाला सवय काकाजींच्या यंत्राची. आवाज शून्यावर होता, त्यामुळं काय चाललंय हे कळायला मार्ग नव्हता. प्रार्थनेच्या माइकची तुटलेली पिन त्या यंत्रात अडकून पडली होती, म्हणून त्यात खोलीचा आवाजही शिरत नव्हता. नुसती शांतता भरली जात होती. मी शेजारी बसून सातवीच्या वह्या तपासत होतो.

वह्यांचा एक गठ्ठा संपला आणि मी मान वर केली. लाल ठिपक्याचं बटण खाली होतं.

यंत्र बंद केलं. दात मोडले नव्हते हे तेव्हा आठवलं. टेप मागं फिरवली, आवाज वाढवला. काही नाही. पुढं ढकलत, थांबत, ढकलत गेलो. एका ठिकाणी अचानक एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, वाक्य अर्धं तोडल्यासारखा. मी लगेच बंद केलं. म्हणजे त्या कॅसेटवर बाबूजींना पहिल्यांदा ऐकलं तेही मीच, दोन सेकंद, शाळेच्या स्टाफरूममध्ये.

किती पुसलं गेलं ते मी नीट मोजलं नाही. चारेक मिनिटं असतील असं धरून चाललो. मोजायची भीती वाटत होती.

शनिवारी सांगायचं ठरवलं. पण ऐकण्याच्या आदल्या दिवशी काकाजी कुणाशी बोलत नसत, कुणाचं ऐकून घेत नसत. कान रिकामे ठेवायचे. मी समोर गेलो तर त्यांनी तळहात दाखवला. मी चिठ्ठी लिहिली, "काकाजी, माझ्याकडून कॅसेट खराब झाली." चिठ्ठी खिशात घेऊन तीन वेळा ओसरीवर गेलो. तिसऱ्यांदा ते खोलीत मोरपिसानं टेपरेकॉर्डरवरची धूळ काढत होते. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखालची फरशी त्यांनी स्वतः पुसली होती, काकीजींना करू दिली नव्हती. माझ्याकडे पाहून हसले. बाबूजींच्या दुकानात जाणारा तरुण मेकॅनिक कसा दिसत असेल ते मला त्या हसण्यात दिसलं. चिठ्ठी खिशातच राहिली.

रविवारी सकाळी त्यांनी घड्याळ लावून कान मोजले. हात पूर्ण लांब करूनही टिकटिक येत होती. दुसऱ्या कानालाही. बोटं उघडून मला खूण केली, उत्तम. नऊला गिरणी थांबली. काकीजी अंगणात काठी घेऊन बसल्या, कुत्रं आलं तर हाकलायला. तारेचा तुकडा ताणून झाला. काकाजींनी बटण दाबलं आणि डोळे मिटले.

चाकं फिरत होती. खोलीत काहीही नव्हतं.

पहिलं मिनिट ते तसेच बसले. बाबूजी उशिरा येतात हे त्यांना माहीत होतं. दुसऱ्या मिनिटाला कपाळावर एक आठी आली. त्यांनी मान थोडी फिरवून उजवा कान पुढं केला. मग डावा. मग डोळे उघडले. फिरणाऱ्या चाकांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. बोलायचं नाही हा नियम त्यांचाच, म्हणून बोट कानाजवळ नेऊन भुवया उंचावल्या. सुरू आहे?

मी मान हलवली. हो.

का हलवली, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधलं. मोठं काही कारण नाही. मला वाटलं, आता दोनेक मिनिटांत आवाज येईल आणि हे निभेल. आणि माझा कान लागला असं ज्यानं म्हटलं होतं, त्याच्यासमोर मला असा निष्काळजी ठरायचं नव्हतं. एकदा मान हलवल्यावर ती हलवत राहावी लागली. मी डोळे अर्धे मिटले. ऐकताना माझा चेहरा जसा व्हायचा तसा केला. मध्येच एका जागी, जिथं काही नव्हतं तिथं, हळूच श्वास सोडला.

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तारेचा नियम मोडला, पुढं सरकले, कान जवळजवळ स्पीकरला लावला. आवाज वाढवला नाही. वाढवला असता तर खरखर ऐकू आली असती, आणि तारांवर जन्म घालवलेल्या माणसाला एका क्षणात कळलं असतं. पण आवाज वाढवायचा नाही. त्यांच्या मानेची शीर उडत होती. बाहेर काकीजी कुत्र्याला हळूच हाड म्हणाल्या. ते त्यांना ऐकू आलं असणार. त्याचा अर्थ त्यांनी काय लावला, माहीत नाही.

चार मिनिटं नव्हती ती. दहा होती.

मग बाबूजींचा आवाज आला. मधूनच, तुटका, पण स्वच्छ. काकाजी दचकून मागं झाले. पाऊण तासाच्या त्या बाजूचं उरलेलं सगळं त्यांनी ऐकलं. पाणी डोळ्यांतून हनुवटीपर्यंत आलं तरी पुसलं नाही. दुसरी बाजू लावली नाही.

आम्ही वेगवेगळ्या वाटेनं बोडीवर गेलो. ते पलीकडच्या काठावर उभे होते, घड्याळ कानाला लावून, हात लांब-जवळ करत. मला वाटलं, आता समजेल यांना. यावं आणि मला विचारावं. मी तिथंच सांगितलं असतं, असं मी अजूनही म्हणतो.

घरी आल्यावर ते म्हणाले, "घड्याळ आयकू येते. पण ते तं ठोकते. बाबूजी ठोकत नाही ना. खालचं गेलं माह्या कानातून." मग म्हणाले, "सुरुवात सांगा, गुरुजी."

मी सांगितली. बाबूजी खालच्या सुरावर आले. आधी श्वासच होता, आवाज त्याच्यातून कधी निघाला ते कळलं नाही. बराच वेळ ते वर गेलेच नाहीत, एका सुराच्या दारात उभे राहून परत फिरले. दोनदा. त्यांच्याच गोष्टींमधून जमवलेलं सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"असेच येत होते बाबूजी," ते म्हणाले. "बराबर."

आठवड्यानं त्यांनी न ऐकलेली ट्रंक माझ्या खोलीत आणून ठेवली. मी नको म्हणालो. "तुमचे कान आहेत," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकही कॅसेट लावली नाही. सकाळी कान मोजणंही बंद झालं. ती ट्रंक आज माझ्या सडक अर्जुनी गावातल्या घरी आहे. तिच्यातली एकही कॅसेट मी लावलेली नाही.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. दिवाळीनंतर एकदा मी चिचगडला जात असे. जेवण झालं की काकाजी म्हणत, "सुरुवात सांगा." मी सांगायचो, शब्दही न बदलता, कारण बदलला तर पकडतील अशी भीती होती. शेजारपाजारचे येऊन बसत. नंतर काकाजी स्वतःच सांगायला लागले. "गुरुजीनं आयकलं," असं आधी म्हणून. मी मान हलवायचो.

त्या रविवारनंतर सातेक वर्षांनी त्यांचे कान खरंच गेले. पाटीवर लिहून बोलावं लागे. शेवटच्या भेटीत त्यांनी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. मी "काकाजी, त्या दिवशी" इथपर्यंत लिहिलं. ते वाचून त्यांनी उत्सुकतेनं मान पुढं केली. मी पुढं लिहिलं, "बाबूजी खालच्या सुरावर आले." त्यांनी हसून मान डोलावली.

ते गेल्यावर पुण्यानुमोदनाला गेलो. काकीजींनी बाबूजींची कॅसेट त्यांच्या मुलाला परत दिली आणि पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, हेच ते गुरुजी. मी जेवून परत आलो.

आणि आता मुलानं पान मागितलं. गेल्या रविवारी मी बसनं चिचगडला गेलो. लिहून देण्याआधी काकीजींना सांगणं भाग होतं. त्या अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून इतक्या मोठ्यानं "या गुरुजी, बसा" म्हणाल्या की शेजारची बाई डोकावली. ही त्यांची सवय मला आधीपासून माहीत होती. कान गेलेल्या नवऱ्याच्या घरात असं होतंच, म्हणून मी कधी विचार केला नव्हता.

मी सगळं सांगितलं. शाळेचं यंत्र, लाल बटण, मान हलवली ते. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी त्यायले आयकू येत होतं?"

"हो."

"सारं?"

"सारं, काकीजी."

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"त्या दिवशी सांजच्याले मले म्हणाले, आता तुहं हळू बोललेलं मले आयकू येत नाही समज. तवापासून मी ओरडून बोलाले लागली. पोरीच्या सासरचं काही असो, माह्या दुखण्याचं असो, सारं मोहल्ला आयके. मंग मले लाज वाटे. मंग मी सांगणंच सोडलं. त्यायले वाटे, ही रागावून राहते माह्यावर." त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. "सात वर्सं त्यायले आयकू येत होतं, गुरुजी?"

मी मान हलवली. ती हलवताना मला माझीच किळस आली.

"मले तं सांगाचं होतं," त्या म्हणाल्या, "मी हळू बोलली असती." आणि हे त्या इतक्या हळू बोलल्या, की समोर बसूनही मला पुढं वाकावं लागलं.